वरचा सी लागतो, म्हणून सोप्रानो?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात आठ वर्षं हिंदुस्थानी गायन शिकलेली बावीस वर्षांची मुलगी आहे. सा काळी पाच. गेल्या वर्षी एका कॉयरमध्ये गेली, तर तिला सोप्रानोंच्या, म्हणजे सर्वांत उंच आवाजाच्या बायकांच्या, रांगेत उभं केलं. पियानोवरचा वरचा सी तिला लागतो. ती विचारते: ‘मी सोप्रानो आहे असं समजू का? ऑपेरातल्या बहुतेक नायिका सोप्रानोच असतात, मग एकीची भूमिका दुसरी का गात नाही? आणि मोत्सार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ ऑपेरातल्या रात्रीच्या राणीपासून सुरुवात केली तर चालेल का?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. राणीपासून सुरुवात करू नका. का, ते सांगायला बाकीचं सगळं सांगावं लागेल. मी पंचवीस वर्षं सोप्रानो म्हणून गाते आहे, त्यातली पंधरा वर्षं शिकवतेही आहे. हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच.

आधी हिशेब तुमच्या भाषेत मांडू. तुमचा सा काळी पाच, म्हणजे मधला सी हा तुमचा मध्य सप्तकातला शुद्ध रिषभ. सोप्रानोचा वरचा सी म्हणजे अतितार सप्तकातला रिषभ. मध्य रिषभापासून अतितार रिषभापर्यंत, बरोबर दोन सप्तकं, एवढं सोप्रानोचं नेहमीचं अंगण. रात्रीची राणी ज्या एफला जाते तो तुमचा अतितार पंचम. हिंदुस्थानी मैफलीत बाई तार सप्तकातल्या पंचमाला पोचली की टाळी पडते. सोप्रानोचं खरं काम त्या तार पंचमाच्या आसपास सुरू होतं आणि तिथेच तासन्‌तास चालतं.

आता या ‘तासन्‌तास’ शब्दापाशी थांबा. इटालियनमध्ये ‘सोप्रा’ म्हणजे वर, म्हणून सोप्रानो. पण आवाज किती वर पोचतो यावरून तो सोप्रानो ठरत नाही, तो वर किती सुखाने राहतो यावरून ठरतो. या राहण्याच्या जागेला टेसितुरा म्हणतात. गिर्यारोहक शिखरावर दहा मिनिटं उभा राहून खाली येतो, पण डोंगरावरच्या वाडीतली माणसं तिथेच संसार करतात. माझ्याकडे येणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणींना वरचा सी लागतो. त्यातल्या काही चक्क मेझो, म्हणजे सोप्रानोच्या खालच्या आवाजाच्या, असतात. सी लावून झाल्यावर पुढची वीस मिनिटं तार मध्यम ते तार धैवत या पट्ट्यात गायला सांगितलं की त्यांची हनुवटी पुढे येते, मान ताठते आणि शब्द चिरडले जातात. खऱ्या सोप्रानोला त्याच पट्ट्यात श्वास सापडतो. हा फरक तीन मिनिटांच्या चाचणीत कळत नाही, त्याला काही महिने लागतात.

त्या पट्ट्याचं इतकं काय आहे? तिथे आवाजाचा उंबरठा आहे, पासाज्जो. सोप्रानोचा वरचा उंबरठा साधारण तुमच्या तार तीव्र मध्यमापासून कोमल धैवतापर्यंत येतो. तुम्ही आजवर जे गायलात त्यात छातीच्या आवाजाचा भाग मोठा आहे. हा दोष नाही, आपल्या गाण्याला तोच रंग हवा असतो. पण तोच आवाज ढकलत उंबरठ्यावरून नेला तर तो ओरडण्याकडे जातो. तिथे हेड व्हॉइस, म्हणजे डोक्यात घुमणारा हलका आवाज, घ्यावा लागतो, आणि सांधा कुठे बदलला हे ऐकणाऱ्याला कळू द्यायचं नाही.

दुसरी गोष्ट स्वरांच्या आकाराची. ती मी विद्यार्थिनींना आरशासमोर दाखवते. ‘ई’ म्हणताना तोंडाच्या पोकळीची सर्वांत खालची घुमण्याची जागा सेकंदाला तीन-साडेतीनशे कंपनांच्या आसपास असते, ‘आ’ म्हणताना साधारण आठ-नऊशे. सोप्रानोचा वरचा सी मुळातच 1047 कंपनांचा. म्हणजे स्वरच पोकळीच्या घुमण्याच्या वर निघून गेला. मग गायिका वर जाते तसा जबडा उघडत जाते, पोकळी स्वराच्या मागोमाग वर नेते, आणि ‘ई’चा ‘ए’ आणि ‘ए’चा ‘आ’ होत जातो. सोप्रानोचे वरचे शब्द कळत नाहीत अशी तक्रार लोक करतात, तिचं कारण हे. तिला शब्दांची पर्वा नसते असं नाही. मायक्रोफोन नसताना साठ-सत्तर वाद्यांच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं, तर ही तडजोड करावीच लागते. चांगले संगीतकार हे जाणून असत, म्हणून महत्त्वाचा शब्द मधल्या पट्टीत ठेवत आणि वरच्या स्वरांवर नुसता ‘आह’ किंवा आधी ऐकवलेलाच शब्द.

आता इतिहास. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

ऑपेराच्या सुरुवातीच्या काळात सोप्रानो म्हणजे बाई असं समीकरण नव्हतं. पोपच्या राज्यात बायकांना रंगमंचावर उभं राहायला बंदी होती, ती जवळजवळ 18व्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकली. तिथे स्त्रीभूमिका पुरुष करत. बालगंधर्वांची परंपरा पाहिलेल्या आपल्या लोकांना त्याचं नवल वाटायचं नाही. पण एक भयंकर फरक आहे. बालगंधर्व स्वतःच्या आवाजात गात. तिकडे मुलाचा आवाज फुटण्याआधीच त्याच्यावर शस्त्रक्रिया करून तो आवाज आयुष्यभरासाठी पकडून ठेवत. हे कास्त्राती. नायक, राजे, सेनापतीही तेच गात. मोन्तेव्हेर्दीच्या 1643 च्या पॉप्पेआवरच्या ऑपेरातला नीरो सम्राट सोप्रानो आहे. फारिनेल्लीचं नाव तुम्ही ऐकलं असेल, तोही त्यांच्यातलाच. या परंपरेतला शेवटचा माणूस, अलेस्सांद्रो मोरेस्की, याची 1902 आणि 1904 मधली ध्वनिमुद्रणं आज ऐकता येतात. मी ती एकदाच ऐकली आहेत, पुन्हा ऐकवली नाहीत.

बायकांचं राज्य आलं ते व्हेनिस, नेपल्स आणि पुढे लंडनमधून. हेंडेलच्या 1724 च्या जुलिओ चेझारेमधली क्लिओपात्रा फ्रान्चेस्का कुझ्झोनीसाठी लिहिलेली. तिला आठ आरिया, म्हणजे एकटीने गायची गाणी, आहेत. त्यात छेडखानी आहे, प्रार्थना आहे, हताशपणा आहे, विजय आहे. एका बाईच्या गळ्यात काय काय मावतं याची ती यादीच. मग लंडनला फाउस्तिना बोर्दोनी आली. कुझ्झोनीचा हुकमी एक्का म्हणजे करुण, लांब ओढीची गाणी आणि ट्रिल (शेजारचे दोन स्वर झपाट्याने आलटून पालटून घेणं), बोर्दोनीचा म्हणजे जलद ताना. बोर्दोनीचा आवाज थोडा खालचाही होता. दोघी एकाच खेळात, तर हेंडेलने तराजू घेऊन लिहिलं: एकीला जेवढं दिलं तेवढंच दुसरीला, पण प्रत्येकीला तिच्या गळ्याला शोभेल असं. 1727 मध्ये एका प्रयोगात दोघींच्या चाहत्यांनी राजघराण्यातल्या बाईंसमोर अशी हुल्लड केली की तो खेळ लंडनच्या बातम्यांत गाजला. लोक ती हुल्लड सांगतात. मला त्या दोन वह्यांमधला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो.

कारण यातच सगळं आहे. भूमिका आधी लिहिली आणि मग गायिका शोधली, असं त्या काळी होत नसे. गायिका समोर असे, तिचं माप घेतलं जाई आणि तिच्यासाठी शिवलं जाई. मोत्सार्टने 1778 मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात हेच म्हटलं आहे, की आरिया गायकाच्या अंगावर चांगल्या शिवलेल्या कपड्यासारखी बसायला हवी. शिंप्याकडे ब्लाउज टाकताना आपण आपलं माप देतो, मैत्रिणीचं नाही. ऑपेरात मात्र आपण पुढची जवळजवळ अडीचशे वर्षं कुणीतरी दुसरीच्या मापाचे ब्लाउज घालत आलो आहोत. ‘ही माझी भूमिका आहे का’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘ही ज्या बाईच्या मापाने शिवली, तिचं आणि माझं माप जुळतं का’ असा आहे.

रात्रीची राणी कुणाच्या मापाची? मोत्सार्टच्या मेहुणीच्या, योसेफा होफरच्या. 30 सप्टेंबर 1791, व्हिएन्ना. त्या बाईला तो वरचा एफ सहज येत असणार, म्हणून त्याने दुसऱ्या आरियात तो चार वेळा ठेवला. पण राणीचं संकट एफ नव्हे. मुलीला खून करायला सांगणारी आई आहे ती. खालच्या पट्टीत तिला धमकी द्यायची असते, धार हवी असते, आणि लगेच वर सुईच्या टोकावर स्वर मांडायचे असतात. नुसता वरचा गळा असलेली मुलगी खाली चहाच्या कपाएवढी ऐकू येते, आणि खालची धार असलेल्या मुलीला बऱ्याचदा वर जागाच नसते. सगळी भूमिका मिळून राणी रंगमंचावर अगदी थोडा वेळ असते, तरी जगभरच्या नाटकगृहांना ती सतत शोधावी लागते.

त्याच मोत्सार्टच्या फिगारोमध्ये (1786) सुझाना आणि काउंटेस, मोलकरीण आणि मालकीण, दोघी सोप्रानो. सुझाना जवळजवळ अख्खा खेळ रंगमंचावर असते, धावते, लपते, प्रत्येक गोंधळात गाते. शेवटच्या अंकात, खेळ संपत आला असताना, तिला बागेतली ती शांत आरिया गायची असते. काउंटेस दुसऱ्या अंकात पडदा उघडल्या उघडल्या, काहीही गरम न करता, लांबच लांब ओळी घेऊन समोर येते. कुणाचं काम अवघड हे मला आजही ठरवता येत नाही. माझ्या विद्यार्थिनींना मात्र मी आधी सुझाना देते, कारण ती बोलत बोलत गाते आणि बोलता येणारा गळा मोडत नाही.

19व्या शतकात येऊ. 1831 हे एकच साल घ्या. मिलानमध्ये मार्चमध्ये बेल्लिनीची ला सोन्नांबुला आली, झोपेत चालणारी भाबडी अमीना. 26 डिसेंबरला तिथल्याच ला स्काला नाटकगृहात त्याचीच नोर्मा आली, पुजारीण, आई, फसवली गेलेली बाई. आज या दोन भूमिका दोन वेगळ्या आवाजांच्या मानल्या जातात. त्या वर्षी दोन्ही एकाच बाईने पहिल्यांदा गायल्या, जुदित्ता पास्ताने. बेल्लिनीने नोर्माची प्रसिद्ध आरिया ‘कास्ता दीव्हा’ जी मेजरमध्ये लिहिली होती, पण ती एक स्वर उतरवून एफमध्ये गायली गेली आणि आज बहुतेक सगळ्या तिथेच गातात. नोर्माची तरुण प्रतिस्पर्धी अदाल्जीझा हीही मुळात सोप्रानोसाठी, जुलिया ग्रीझीसाठी लिहिलेली. आज तिथे मेझो उभी करतात. म्हणजे लिरिक (उबदार, हलका आवाज), ड्रॅमॅटिक (भारी आवाज) हे डबे त्या काळात नव्हते. ते आपण नंतर बनवले, आणि त्या बायकांना मागे जाऊन त्यांत कोंबलं.

दोनिझेत्तीच्या ऑपेरातल्या लुचियाचं तर आणखी वेगळं. 1835 मध्ये नेपल्सला त्याने तिचा वेडाचा प्रसंग फान्नी ताक्किनार्दी पेर्सियानीसाठी लिहिला. तिचा आवाज लहान, चपळ, नितळ. सोबतीला आधी काचेचं वाद्य योजलं होतं, भिजवलेल्या बोटांनी काचेच्या कडा घासून वाजवायचं, भुतासारखं वाजणारं. ऐनवेळी ते बारगळलं आणि बासरी आली. आज लोक ज्याची वाट पाहत बसतात तो लुचिया आणि बासरीचा लांब सवालजवाब दोनिझेत्तीचा नाहीच. तो 1889 च्या सुमारास पॅरिसमध्ये नेली मेल्बासाठी घातला गेला. शेवटचा तो गगनभेदी स्वरही वहीत नाही. हे कळल्यावर मला बरं वाटलं होतं. आपल्याकडे बंदिश ठरलेली आणि विस्तार गायकाचा, हे तर आपण जाणतोच. लुचियाला त्या नजरेने पाहिलं की ती परकी राहत नाही.

मग नाटकगृहं वाढली, वाद्यवृंद वाढले, आणि मापं चुकायला लागली. इथे मला एका मुलीची गोष्ट सांगायची आहे.

कोर्नेली फाल्कन. जन्म 1814. पॅरिस ऑपेरात अठराव्या वर्षी उभी राहिली. तिच्यासाठी आलेव्हीने ‘ला झ्विव्ह’मधली राशेल लिहिली (1835) आणि मायरबेअरने ‘ले झ्युगनो’मधली व्हालेन्तीन (1836). गडद, मोठ्या, पेटलेल्या भूमिका. खाली मेझोचा रंग, वर सोप्रानोची उंची. मार्च 1837 मध्ये एका प्रयोगात सहगायकाने तिला विचारलं की उद्या निघू या का, आणि तिने उत्तर द्यायचं होतं, ‘मी तयार आहे.’ तोंड उघडलं आणि आवाज आलाच नाही. ती बेशुद्ध पडली, तिला उचलून नेलं. वय तेवीस. नंतर परत यायचे प्रयत्न झाले, पण तो आवाज आला नाही. ती पुढे जवळजवळ साठ वर्षं जगली, 1897 पर्यंत. फ्रेंच लोक आजही त्या जातीच्या आवाजाला ‘फाल्कन’ म्हणतात. आवाज पाचच वर्षं टिकला, त्या जातीला तिचं नाव मात्र कायमचं चिकटलं. मी हे वर्गात सांगते तेव्हा मुली गप्प होतात, आणि त्यांनी गप्प व्हावं म्हणूनच सांगते.

व्हेर्दीच्या बाबतीतही असंच. 1842 च्या नाबुक्कोतली आबिगाइल्ले ज्युझेप्पिना स्त्रेप्पोनीने गायली. आवाज आधीच दमलेला होता, पुढे चार वर्षांत ती रंगमंचावरून उतरली. ती नंतर व्हेर्दीची बायको झाली. आबिगाइल्लेला दोन सप्तकांची उडी एका दमात खाली घ्यावी लागते, आणि ती भूमिका वाकवते म्हणून आजही दुरून नमस्कार करणाऱ्या सोप्रानो आहेत. लेडी मॅकबेथसाठी तर व्हेर्दीने 1848 मध्ये लिहून कळवलं होतं की तादोलिनी ही गायिका भूमिकेला योग्य नाही, कारण ती फार सुंदर गाते. त्याला कठोर, घुसमटलेला, काळा आवाज हवा होता. सोप्रानोने सुंदर असायलाच हवं हा नियम त्या दिवशी मोडला.

ला त्राव्हियाताची व्हिओलेत्ता (व्हेनिस, 1853) ही माझी सर्वांत आवडती. तिला तीन आवाज लागतात असं म्हणतात, आणि ते खरं आहे. पहिल्या अंकात ताना आणि चमक, दुसऱ्यात प्रेमिकाच्या बापासमोर बसून केलेला त्याग, तिथे मधल्या पट्टीत भरीव, लांब ओळी, आणि तिसऱ्यात क्षयाने पोखरलेली बाई, जिला श्वास संपल्याचा भास द्यायचा पण स्वतःचा श्वास संपू द्यायचा नाही. पहिला अंक उत्तम गाणारी दुसऱ्यात पातळ पडते, दुसऱ्यात भरणारी पहिल्यात जड होते. शेवटच्या अंकात ती जुनं पत्र वाचते, न गाता, नुसतं बोलून. मला त्या पत्राची प्रत्येक वेळी भीती वाटायची, कारण इतका वेळ गाऊन मग साध्या बोलीवर यायचं म्हणजे गळा उघडा पडतो.

आयदा (कैरो, 1871) इथे एवढ्यासाठीच काढते: नाईलच्या काठी ती देशाची आठवण काढते, आणि वरचा सी येतो त्यावर व्हेर्दीने ‘दोल्चे’ लिहिलं आहे, गोड. आबिगाइल्लेच्या गळ्याने आयदाचा तो सी लावून पाहा. जोर सगळ्यांना जमतो. जोर असूनही तो न लावणं, तिथे गायिका कळते.

जर्मन संगीतकार वाग्नरवर मी थोडक्यातच बोलेन, ते माझं घराणं नाही. त्याच्या नायिका इझोल्डे (म्युनिक, 1865) आणि ब्रुनहिल्डे यांना पितळी वाद्यांच्या भिंतीवरून पाच-पाच तास जायचं असतं. किर्स्तेन फ्लागस्टाड आणि बिर्गिट निल्सन ऐका. दोघींचा आवाज मोठा आहे, पण फुगवलेला नाही, तलवारीच्या पात्यासारखा अरुंद आणि सरळ आहे.

आपल्याशी संबंध असलेल्या दोन गोष्टी इथे सांगते, कारण त्या सहसा कुणी सांगत नाही. एक, दलीबची ‘लाक्मे’, पॅरिस, 1883. ब्राह्मण पुजारी नीलकंठ, त्याची मुलगी लाक्मे, इंग्रज अधिकारी, धोतऱ्याचं विष. भारत म्हणून जे दिसतं ते पॅरिसच्या कल्पनेतलं. पण त्यातलं घंटांचं गाणं कोलोरातुरा, म्हणजे ताना घेणाऱ्या, सोप्रानोच्या परीक्षेचा पेपर आहे, आणि ते तुमच्या अतितार तीव्र मध्यमापर्यंत जातं. दुसरी गुस्ताव होल्स्टची ‘सावित्री’, पहिला प्रयोग लंडन, 1916. होल्स्ट संस्कृत शिकला होता, महाभारतातली कथा घेऊन संहिता त्याने स्वतः लिहिली. तीनच पात्रं: सावित्री सोप्रानो, सत्यवान टेनर, यम बास. सुरुवातीला एकही वाद्य नाही. अंधारातून यमाचा आवाज तिचं नाव घेतो आणि तिचा आवाज त्याच्यावर येऊन आपली ओळ वेगळी चालवतो. वटपौर्णिमेची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या मुलीने ही भूमिका का गाऊ नये? अर्ध्या तासाचा खेळ आहे, लहान वाद्यवृंद आहे. तुमच्यासारखीच्या मनात पहिला पूर्ण ऑपेरा म्हणून हा असावा असं मला मनापासून वाटतं.

पुच्चिनीच्या नायिका सगळ्यांना आवडतात आणि तिथेच मुली फसतात. बटरफ्लाय संहितेत पंधरा वर्षांची आहे. भाबडी आहे, पावलं लहान टाकते. पण एकदा आली की जवळजवळ शेवटपर्यंत रंगमंचावर असते आणि खाली वाद्यवृंद समुद्रासारखा उसळतो. 17 फेब्रुवारी 1904 ला ला स्कालात रोझिना स्तोर्कियोने ती गायली, लोकांनी खेळ अक्षरशः पाडला. दुरुस्त करून मे महिन्यात ब्रेशात आणला तेव्हा उचलला गेला. रिचर्ड स्ट्राउसने सालोमेबद्दल (ड्रेस्डेन, 1905) हेच एका वाक्यात म्हटलं होतं: सोळा वर्षांची राजकन्या, आवाज इझोल्डेचा. वय भूमिकेचं पाहायचं नसतं, गळ्याचं पाहायचं असतं. ही गोष्ट तुमच्या वयाच्या मुलींना सर्वांत कठीण जाते, कारण बटरफ्लाय त्यांना समवयस्क वाटते.

त्याच स्ट्राउसच्या रोझेनकाव्हालियेरमध्ये (1911) शेवटी तीन बायका एकत्र गातात: तरुण सोफी, पुरुषवेषातला ओक्टाव्हियन आणि वय होत चाललेली मार्शालिन. लोटे लेहमानने आयुष्यात तिन्ही गायल्या. एकाच ऑपेरात एका आवाजाचा अख्खा प्रवास.

पुढेही स्वर चढतच गेले. 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात (मेट) टॉमस अ‍ॅडेसच्या ऑपेरात ऑड्री लूनाने वरच्या सीच्याही वरचा ए लावला, तुमचा अतितार निषाद. विक्रम म्हणून ठीक आहे. तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

ही सगळी मापं सांभाळायला जर्मन नाटकगृहांनी डबे केले, त्यांना फाख म्हणतात. सुब्रेट म्हणजे चुणचुणीत, हलकी, सुझानासारखी. कोलोरातुरा म्हणजे ताना आणि उंची. लिरिक म्हणजे पुच्चिनीच्या ‘ला बोएम’मधल्या मिमीसारखी उबदार ओळ. स्पिंतो म्हणजे लिरिकच, पण वेळ आली की धक्का देऊ शकणारी, पुच्चिनीची तोस्का, आयदा. ड्रॅमॅटिक म्हणजे इझोल्डे. तिथे गायिकेचा करार या डब्यांवर होतो, म्हणजे कुठली भूमिका तिच्यावर लादता येईल हे आधीच ठरतं. डब्यांचा उपयोग एवढाच, संरक्षणाचा. ते गळ्याची जात सांगत नाहीत. मारिया कालासने जानेवारी 1949 मध्ये व्हेनिसला ब्रुनहिल्डे गाऊन तीनच दिवसांनी, आजारी गायिकेच्या जागी, बेल्लिनीची हलकी एल्व्हिरा गायली. वय पंचवीस. सगळे डबे फुटले. पण तिचा उत्तम काळ फार लहान राहिला. जोन सदरलंडची स्वतःची समजूत आपण वाग्नरसाठी आहोत अशी होती. नवऱ्याने तिला वरच्या, तानांच्या वाटेवर नेलं, 1959 मध्ये ती लुचिया गायली आणि 1990 पर्यंत गात राहिली. मिरेल्ला फ्रेनी वर्षानुवर्षं मिमी आणि सुझाना गायली आणि चाळिशी ओलांडल्यावर आयदाकडे गेली. एदिता ग्रुबेरोव्हा 1968 ला उभी राहिली आणि आपली वाट न सोडता 2019 पर्यंत ऑपेरात गायली. या चौघींकडे पाहून मला जे दिसतं ते हे, की ‘नाही’ म्हणता आलेल्यांचे गळे टिकले.

मला ते म्हणता आलं नव्हतं. तेवीस वर्षांची असताना माझ्या तेव्हाच्या गुरूंनी तोस्काची ‘व्हिस्सी दार्ते’ माझ्या हातात दिली आणि मला आभाळ ठेंगणं झालं. सहा महिने गायले. पहिल्यांदा गेला तो वरचा स्वर नव्हे, मधला. पियानोवरच्या ए आणि बीच्या मध्ये हवा यायला लागली, जणू तिथे कापड विरलं. मी जोर वाढवला, विरलेला भाग वाढला. घशाच्या डॉक्टरांनी सूज आहे म्हणून सांगितलं आणि बोलणंही बंद केलं. तीन आठवडे मी पाटीवर लिहून घरच्यांशी बोलत होते. नंतर वाचलं की स्वीडनची प्रख्यात सोप्रानो जेनी लिंड 1841 मध्ये पॅरिसला गानगुरू मान्वेल गार्सियाकडे असाच फाटलेला आवाज घेऊन गेली होती, तेव्हा त्यानेही तिला काही आठवडे पूर्ण मौनात ठेवलं आणि मग पायापासून शिकवलं. ती पुढे काय झाली ते जग जाणतं. मी हेंडेलपासून पुन्हा सुरू केलं. तोस्का मी एकोणचाळीसाव्या वर्षी गायले, आणि तेव्हा तिने मला काही केलं नाही.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलंत त्यावरून तुम्ही बहुधा लिरिककडे जाणाऱ्या सोप्रानो असाल, पण ऐकल्याशिवाय मी ते म्हणणार नाही आणि तुम्हीही वर्षभर म्हणू नका. तुमच्याकडे दोन मोठ्या गोष्टी आहेत: सूर आणि दम. दोन गोष्टी मिळवायच्या आहेत: उंबरठ्यावरचा सांधा आणि जबड्याची मोकळीक. हिंदुस्थानी सोडू नका, पण एकाच दिवशी दोन्हींचा जोरकस रियाज करू नका. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं असंही पहिलं वर्षभर नको. दिवस वाटून घ्या. कॉयरमध्ये वरच्या ओळीचा कंटाळा आला तर मधूनमधून अल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या ओळीत, उभ्या राहा, मधला आवाज भरतो.

ऐकायचं असेल तर मुंबईत एनसीपीएला मेटचे खेळ पडद्यावर दाखवतात, तिकडे जा आणि गायिकेच्या चेहऱ्याऐवजी तिच्या बरगड्यांकडे पाहा. मुंबईत जन्मलेल्या, गोव्याच्या घरातल्या पॅट्रिशिया रोझारिओ ऐका. इंग्रज संगीतकार जॉन टॅव्हनरने त्यांच्या आवाजासाठी कितीतरी रचना लिहिल्या, आणि 2016 मध्ये गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाउस पुन्हा उघडलं तेव्हा तिथे त्याच गायल्या. आपल्या मातीतली बाई आणि तिच्या मापाने शिवलेलं गाणं.

गायला हेंडेलच्या ‘रिनाल्दो’मधली (1711) आल्मिरेनाची ‘लाश्शा क्यो पिआंगा’ घ्या. आवाक्यात मावते, ताना नाहीत, लपायला जागा नाही. पहिला महिना शब्द न घेता फक्त ‘ऊ’वर गा, हलक्या आवाजात, आरशासमोर. तार पंचमाजवळ आल्यावर हनुवटी पुढे सरकली की तिथेच थांबा, पाणी प्या, आणि ती ओळ दुसऱ्या दिवशी घ्या. महिन्याने मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून पाठवा. फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, जवळ नको. मला तुमचा वरचा सी ऐकायचा नाही. त्या गाण्यातला विरामानंतरचा दुसरा शब्द तुम्ही कसा सुरू करता, ते ऐकायचं आहे.